अनुज्ञा आणि आसक्ती : मांसाहारप्रश्नाचा पालि साहित्याच्या आधारे एक विचार

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजात जे प्रश्न सातत्याने विचारले गेले, त्यांत 'बौद्धाने मांस खावे काय?' हा एक प्रमुख प्रश्न होय. विहारातील प्रवचनानंतर, वर्षावासाच्या ग्रंथवाचनात, श्रामणेर शिबिरात तो हटकून येतो. अलीकडे मात्र त्याचे रूप थोडे पालटले आहे. विचारणारा उपासक आता सिद्धांत विचारत नाही. तो स्वतःविषयी विचारतो. मांस मला मनापासून आवडते, पंचशील मी रोज घेतो, पहिले शील उच्चारताना मनाला काही टोचते. तेव्हा मी शाकाहारी व्हावे काय, असा त्याचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, भगवंतांनी मांसाहाराला अनुज्ञा दिली आहे, म्हणून खुशाल खावे; शाकाहार हे ब्राह्मणी सोवळ्याचे अपत्य आहे. दुसरे उत्तर असे की, बौद्ध धम्म हा अहिंसेचा व करुणेचा धम्म आहे, म्हणून मांस खाणारा खरा बौद्ध नव्हेच. दोन्ही पक्ष पालि ग्रंथांचा आधार सांगतात. प्रस्तुत लेखात या आधारांची समीक्षा करावयाची आहे. तीवरून असे दिसून येईल की, दोन्ही पक्षांनी मूळ वचनांचा सोयीचा तेवढाच भाग घेतला आहे, आणि उरलेला भाग नेमका त्या मांसप्रिय उपासकाला उद्देशून आहे.

प्रथम तीन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. भगवंतांनी मांस खाल्ले काय, हा इतिहासाचा प्रश्न. त्यांनी भिक्खूंना त्याची मुभा दिली काय, हा विनयाचा प्रश्न. मी ते खावे काय, हा शीलाचा प्रश्न. आपल्या चर्चांत हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला लावले जाते.

पहिल्या प्रश्नाविषयी मराठी वाचकाला धर्मानंद कोसंबी यांचे ऋण मान्य करावे लागेल. १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी मांसाहारावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. पालि व जैन अशा दोन्ही परंपरांतील पुरावे समोर ठेवून त्या काळचे श्रमण मांस घेत होते, हे त्यांनी निःसंकोचपणे दाखविले. त्यावर जैन समाजातून तीव्र आक्षेप आले. तरीही कोसंबी आपल्या निष्कर्षापासून ढळले नाहीत. ही बौद्धिक निष्ठा आदर्शच म्हटली पाहिजे. परंतु त्या प्रकरणाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. ते इतिहासाचे प्रकरण आहे. 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की एखादी वनस्पती, हा वाद अट्ठकथाकारांच्या काळापासून चालत आला आहे. तो उद्या निर्णायकपणे मिटला, तरी चुंदाच्या घरच्या भोजनावरून आपल्या घरच्या भोजनाचा निर्णय निघत नाही. भगवंतांनी आपला आहार हा अनुकरणाचा विषय म्हणून कधी सांगितला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात स्पष्ट आहे. मासे व मांस भिक्खूने घ्यावे, मात्र ते 'तिकोटिपरिसुद्ध' असावे, म्हणजे तीन अंगांनी शुद्ध असावे. हा प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, आणि तशी शंकाही त्याच्या मनात नसावी. महावग्गातील सीह सेनापतीची कथा या नियमाची पार्श्वभूमी सांगते. निगंठांचा उपासक असलेला सीह वैशालीत भगवंतांचा उपासक झाला. भोजनदानासाठी त्याने बाजारात आधीच विक्रीस असलेले मांस आणविले. तेव्हा सीहाने मोठे जनावर मारून श्रमण गौतमाला जेवू घातले, अशी आवई निगंठांनी वैशालीच्या रस्त्यारस्त्यांवर उठविली. तिकोटीचा नियम या प्रसंगाच्या शेवटी येतो.

याच खंधकात सुप्पिया उपासिकेची कथा आहे. वाराणसीत त्या दिवशी प्राणिवध बंद असल्यामुळे आजारी भिक्खूसाठी कोठेही मांस मिळाले नाही. तेव्हा तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. हे कळल्यावर भगवंतांनी मनुष्यमांसाचा निषेध केला. पुढे हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबळ्या, अस्वल व तरस यांचेही मांस वर्ज्य ठरले. या दहा मांसांची यादी आपल्याला पाठ असते. पण त्याच प्रसंगी घातलेला दुसरा नियम आपण विसरतो. चौकशी न करता मांस घेऊ नये, असा तो नियम आहे. ज्या भिक्खूने ते मांस घेतले, त्याला भगवंतांनी विचारले की, हे कशाचे मांस आहे याची विचारपूस तू केलीस काय. अनुज्ञेला चौकशीची अट जोडलेली आहे, ही गोष्ट मांसाहाराचे समर्थक क्वचितच सांगतात.

चुल्लवग्गातील देवदत्ताचा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याने पाच मागण्या केल्या : भिक्खूंनी आजन्म अरण्यात राहावे, भिक्षेवरच निर्वाह करावा, चिंध्यांचेच चीवर वापरावे, झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस खाऊ नये. पहिल्या तीन बाबतींत भगवंतांनी ज्याची इच्छा असेल त्याने तसे करावे असे सांगितले, वृक्षतळीच्या वासाला आठ महिन्यांची मुभा दिली, आणि मांसाच्या बाबतीत तिकोटीचा नियम पुन्हा उच्चारला. यावरून 'मांसत्याग म्हणजे देवदत्ताचा मार्ग' असे जे म्हटले जाते, ते बरोबर नाही. देवदत्ताचा दोष मांस न खाण्यात नव्हता. आपली कठोरता सर्वांवर लादण्यात आणि तीतून संघ फोडण्यात त्याचा दोष होता. स्वेच्छेचा संयम आणि सक्तीचा नियम यांत भगवंतांनी केलेला हा भेद आपल्या प्रश्नात पुढे उपयोगी पडेल.

आता तिकोटीच्या नियमाची खरी अडचण पाहू. हा नियम भिक्खूसाठी आहे. भिक्खू पात्र घेऊन दारोदार जातो, पात्रात पडेल ते घेतो, त्याला निवडीचा अधिकार नसतो. भाजीभाकरी पडली तरी घ्यावी आणि मांस पडले तरी घ्यावे, अशा जीवनक्रमात हा नियम अर्थपूर्ण आहे. गृहस्थाची स्थिती याच्या उलट आहे. तो पैसे मोजतो, निवड करतो, मागणी करतो. भिक्खूची अनुज्ञा जशीच्या तशी उचलून गृहस्थाच्या ताटाला लावणे, हा वाचनातील दोष आहे. गृहस्थासाठी सांगितलेली वचने वेगळी आहेत. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. खाण्याला मुभा आणि विकण्याला मनाई यांतील ताण पालि ग्रंथांनी लपविलेला नाही. तो आपणही लपवू नये.

मज्झिम निकायातील जीवक सुत्त हे या प्रश्नावरील मुख्य सुत्त होय. राजगृहाच्या आम्रवनात वैद्य जीवक भगवंतांना विचारतो की, आपल्यासाठी मारलेल्या प्राण्याचे मांस आपण जाणूनबुजून घेता, असे लोक म्हणतात ते खरे काय. उत्तरात तिकोटीचा नियम येतो, आणि बहुतेक लेखक येथेच थांबतात. सुत्त मात्र पुढे जाते. मैत्रीने चित्त भरलेला भिक्खू दात्याच्या घरी जेवतो, तेव्हा असेच भोजन पुन्हा मिळावे असा विचार त्याच्या मनात येत नाही. त्या अन्नात तो गुंतत नाही, त्याने मोहित होत नाही, त्यातील दोष पाहत पाहत जेवतो, असे तेथे सांगितले आहे. अनुज्ञा आहे ती या वृत्तीने जेवणाऱ्याला. नंतर भगवंत प्राणी मारून दान देणाऱ्याचे पाच अपुण्य सांगतात. त्यांतील क्रम विलक्षण आहे. जा, तो प्राणी आण, असे म्हणतो तेव्हा पहिले अपुण्य. मानेला ओढत नेताना प्राण्याला जे दुःख होते, ते दुसरे. मारा, असे म्हणतो तेव्हा तिसरे. मारताना प्राणी जे भोगतो, ते चौथे. असे अयोग्य अन्न तथागतांना वा श्रावकाला देणे, हे पाचवे.

हे पाच दोष तथागतांसाठी वा त्यांच्या श्रावकासाठी वध करणाऱ्याला लावलेले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पहिल्या चार दोषांचा आधार खाणारा कोण, हा नाही. प्राण्याची वेदना आणि आज्ञा देणाऱ्याची चेतना हा आहे. आता आपल्या वस्तीतील कोंबडीच्या दुकानासमोर उभे राहून हे सुत्त वाचावे. गिऱ्हाईक पिंजऱ्याकडे बोट दाखवून 'ती द्या' म्हणते. दुकानदार पाय धरून कोंबडी बाहेर ओढतो, तराजूत घालतो, आणि गिऱ्हाइकाच्या देखत कापतो. येथे पाहिलेले आहे, ऐकलेले आहे, आणि शंकेला जागाच नाही. तिन्ही अंगे एकाच वेळी भंगली. पहिले अपुण्य बोट दाखविताना घडले, सुरी तर नंतरची. 'भगवंतांची अनुज्ञा आहे' असे म्हणून या दुकानातून परतणाऱ्या उपासकाने जीवक सुत्त अर्धेच वाचलेले असते.

मांसाहाराच्या समर्थनार्थ सर्वाधिक उद्धृत होणारे दुसरे सुत्त म्हणजे सुत्तनिपातातील आमगंध सुत्त. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी, म्हणजेच अपवित्रता. रानधान्य व कंदमुळे खाणारा एक ब्राह्मण तापस कस्सप बुद्धांना दूषण देतो की, आपण पक्ष्याच्या मांसासह भात जेवता आणि मला आमगंध नाही असे म्हणता. कस्सप बुद्धांचे उत्तर म्हणजे दोषांची एक लांब यादी होय : वध, मारहाण, चोरी, खोटेपणा, कपट, परदारागमन, क्रोध, अहंकार, निंदा, कृपणता. आमगंध यांत आहे, मांस खाण्यात नाही, हा निर्णय गाथेगणिक दुहेरावला जातो. यज्ञ, जटा, नग्नता, उपवास यांनीही माणूस शुद्ध होत नाही, असे पुढे सांगितले आहे. आहारावरून माणसाची शुद्धाशुद्धता ठरविणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेवर हा आघात आहे. ज्या समाजाला आहाराच्या नावाखाली शतकानुशतके अशुद्ध ठरविले गेले, त्याने हे सुत्त हृदयाशी धरावे, यात नवल नाही.

परंतु त्याच यादीत एक ओळ अशी आहे की जिच्यावरून समर्थक घाईने पुढे सरकतात. इंद्रियसुखांत असंयमी आणि रसांविषयी 'गिद्ध' असलेले लोक, हाही आमगंधच होय, असे तेथे म्हटले आहे. 'गिद्ध' म्हणजे लोलुप, चवीवर झडप घालणारा. मराठीतील गिधाड हा शब्द या शब्दाचा जवळचा नातलग आहे. प्राण्यांच्या बाबतीत असंयमी असणे, हेही त्या यादीत आहे. म्हणजे मांसाला निर्दोष ठरविणारे सुत्तच मांसाच्या लालसेला निर्दोष ठरवीत नाही. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्याला ते सांगते की, तुझ्या ताटाने तू शुद्ध झालेला नाहीस. मांसप्रिय माणसाला ते सांगते की, मांस हा तुझा दोष नसेल, पण 'प्रिय' या शब्दाची तपासणी कर. माझ्या मते सर्व वादाचा मध्यबिंदू येथे आहे.

ही तपासणी आपल्या समाजाच्या संदर्भात करताना एक सावधगिरी हवी. आपल्याकडील मांसाची आवड ही केवळ जिभेची आवड नाही. सुकट-बोंबील, वजडी, वाळवलेल्या चान्या या पदार्थांत दारिद्र्यातून जगण्याची एक विद्या आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५च्या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांग स्वयंपाकाची ही विद्या साहित्यात नोंदविली. आईच्या हातचा रस्सा सोडणे म्हणजे आईला नाकारणे की काय, अशी भीती अनेकांच्या मनात असते, आणि ती पोकळ नाही. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न असल्याचे प्रतिपादन केले आणि बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात वर्चस्व परत मिळविण्यासाठी ब्राह्मणांनी मांस सोडले, असा निष्कर्ष मांडला. त्या इतिहासाच्या सावलीत शाकाहार हा आपल्यासाठी निरागस शब्द राहिलेला नाही.

तथापि याच इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि आपल्या आजा-पणज्यांनी उपासमार सोसून ते पाळले. आहाराविषयीचा इतका मोठा सामूहिक निर्णय क्वचितच कोणत्या समाजाने घेतला असेल. त्या त्यागामागे सोवळे नव्हते, सवर्णांचे अनुकरण नव्हते. होता तो स्वाभिमान. म्हणजे आहारात बदल करणे हे आपल्या परंपरेला परके नाही. बदल कोणत्या कारणासाठी करतो, यावर त्याची योग्यता ठरते.

या कसोटीवर शाकाहाराची आजची अनेक कारणे टिकत नाहीत. एखाद्या गृहनिर्माण संस्थेत घर मिळावे म्हणून मांस सोडणे, किंवा कार्यालयातील सहकाऱ्यांनी डबा हुंगू नये म्हणून सोडणे, ही शरणागती आहे. विपश्यना शिबिरात, इगतपुरीला वा अन्यत्र, दहा दिवस शाकाहारी भोजन मिळते. तेथून परतलेले काही साधक 'सात्त्विक आहार' हा बौद्ध विचार समजू लागतात. शिबिराची शिस्त योग्यच आहे, पण अन्नाचे सात्त्विक, राजस, तामस हे वर्गीकरण गीतेच्या सतराव्या अध्यायातील आहे. त्रिपिटकाने अन्नाची अशी प्रतवारी लावलेली नाही. राज्यसत्तेने घडविलेला त्यागही त्याग नव्हे. महाराष्ट्रात २०१५ साली बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरविली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस बाळगण्यास गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. कायद्याच्या भयाने रिकामे झालेले ताट करुणेचे द्योतक ठरत नाही. देवदत्ताला दिलेले उत्तर येथेही लागू आहे.

उलट बाजूही तितक्याच कठोरपणे पाहावी. मांस मी खाईन, पण वधाचे पाप खाटकाचे, असे म्हणणारा बौद्ध नकळत वर्णव्यवस्थेचीच रीत चालवतो. उपभोग एकाचा आणि 'अपवित्र' काम दुसऱ्याचे, ही रीत आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे? गावाने गाईचे दूध प्यावे आणि मेलेली गाय आपण ओढावी, ही तीच रीत होती. म्हणून दूध-तुपावर वाढलेल्या शाकाहारालाही निष्पापतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. दुभत्या जनावराचे गोऱ्हे आणि भाकड गाय कोठे जातात, हे त्याने विचारलेले नसते. चौकशी न करता घेऊ नये, हा सुप्पियेच्या कथेतील नियम दोघांनाही लागू होतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचे जे विवेचन केले आहे, ते या ठिकाणी मार्गदर्शक ठरते. गरजेपोटी होणारा वध आणि मारण्याच्या इच्छेने होणारा वध यांत ते भेद करतात. अहिंसेला ते नियम म्हणून मांडत नाहीत. ते तिला तत्त्व म्हणतात. तत्त्व माणसाला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते आणि त्याबरोबरच जबाबदारीही देते. बावीस प्रतिज्ञांकडेही याच दृष्टीने पाहावे. मद्य न पिण्याची प्रतिज्ञा तेथे स्पष्ट आहे, मांस न खाण्याची नाही. पण प्राणिमात्रांवर दया ठेवण्याची प्रतिज्ञा आहे. मद्याविषयी बाबासाहेबांनी आपल्या वतीने निर्णय दिला. मांसाविषयी त्यांनी दयेची कसोटी आपल्या हाती दिली आणि निर्णय आपल्यावर सोपविला. ज्याच्या ताटात अंडे वा सुकट हेच परवडणारे पौष्टिक अन्न आहे, त्याची गरज ही गरज आहे. त्याला कोणीही शाकाहाराचा उपदेश करू नये. परंतु ज्याच्या घरी सर्व काही आहे आणि आठवड्यातून चार वेळा मटण शिजते, त्याने आपल्या आवडीला गरज म्हणू नये.

पुढच्या बौद्ध परंपरेने हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडविला. लंकावतार सूत्राने मांसभक्षणाचा संपूर्ण निषेध केला. सहाव्या शतकात चीनच्या लिआंग घराण्यातील सम्राट वू याने भिक्षूंना मांसत्याग बंधनकारक केला. श्रीलंका, ब्रह्मदेश व थायलंडमधील थेरवादी संघ तिकोटीच्या नियमावर राहिला. यांपैकी कोणालाही अबौद्ध म्हणता येत नाही. मांसप्रिय उपासकाला मात्र मला वाटते सर्वांत जवळचा वाटावा तो सम्राट अशोक. गिरनार व अन्यत्र कोरलेल्या पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नव्हे. पुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत. साम्राज्याचा स्वामी आपले ताट अजून पूर्ण शुद्ध झालेले नाही, हे दगडावर कोरून प्रजेला सांगतो. उरलेले तीन प्राणी त्याने लपविले नाहीत. संयमाची इतकी प्रामाणिक नोंद दुर्मिळ आहे.

तेव्हा मांसप्रिय उपासकाला काय सांगावे? पालि साहित्याच्या आधारे शाकाहार ही बौद्धत्वाची अट ठरत नाही, आणि तशी अट घालणाऱ्याला विनयाचा आधार नाही. पण स्वतः निवडून, देखत प्राणी मारवून घेणे हे जीवक सुत्ताच्या कोणत्याही सरळ वाचनाने समर्थनीय ठरत नाही. ते तरी आजपासून थांबवावे. पुढची वाट अशोकाची असू शकेल. उपोसथाच्या दिवशी मांस वर्ज्य करून पाहावे. अष्टशीलात मांसाचा उल्लेख नाही, हे ठाऊक असूनच हे करावे, म्हणजे ते कर्मकांड होणार नाही. त्या दिवशी जीभ काय मागते आणि चित्त तिला कोणती कारणे पुरविते, हे पाहावे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आवड आणि गरज यांतील रेषा बहुतेकांना दिसू लागते. त्यानंतर कोणी मांस पूर्ण सोडील, कोणी कमी करील, कोणी आजारपणात वा आईच्या घरी घेईल. ज्याने सोडले त्याने शेजाऱ्याच्या चुलीकडे नाक मुरडू नये, आणि ज्याने सोडले नाही त्याने सोडणाऱ्याला ब्राह्मणाळलेला म्हणून हिणवू नये.

अनुज्ञा कोणाला, कोणत्या अटीवर, कोणत्या चित्ताने घेतलेल्या अन्नाला आहे, हे समजून घेतल्यावाचून केवळ अनुज्ञेवर बोट ठेवणे हे आपल्या विहारांतील चर्चेत थांबले पाहिजे. उपासकांच्या अभ्यासवर्गांत जीवक सुत्त आणि आमगंध सुत्त संपूर्ण वाचले जावे, अर्धे नव्हे, एवढी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करतो.